पाळक कसा घडतो? सेमिनरीची चार वर्षं आणि त्यानंतरची आंबवणी

"ते बीडी झालेत ना, मग मयताच्या घरी जाऊन काय बोलायचं हे कसं कळत नाही त्यांना?" बीडी ही पाळकाची, म्हणजे चर्चच्या पास्टरची, पदवी. हे वाक्य मी आमच्या पास्टरेट कमिटीच्या, म्हणजे मंडळीचा (चर्चच्या सभासदांचा) कारभार बघणाऱ्या समितीच्या, मीटिंगमध्ये किती वेळा ऐकलंय त्याची गणती नाही. आणि दुसरीकडे ऑफिसातले मित्र विचारतात की तुमच्यात फादर किंवा पास्टर व्हायचं तर नक्की काय करावं लागतं, कोर्स असतो का, परीक्षा असते का, की वडील पाळक म्हणून मुलगा पाळक असं असतं? मला वाटतं या दोन्ही प्रश्नांचं उत्तर एकाच जागी आहे, म्हणून जमेल तितकं सोपं करून लिहितोय. मी स्वतः पाळक नाही, नगर जिल्ह्यातल्या एका मंडळीचा साधा सभासद आहे, पंधरा-सोळा वर्षं कमिटीवर आहे आणि या काळात आलेले-गेलेले तरुण पाळक अगदी जवळून बघितलेत.

आधी शब्द बघू. सेमिनरी हा शब्द लॅटिनमधून आला आणि त्याचा मूळ अर्थ रोपवाटिका. आमच्याकडे कांदा करणाऱ्याला हे वेगळं समजवावं लागणार नाही. बी थेट शेतात फेकत नाहीत, आधी वाफ्यात रोप टाकतात, दीड-दोन महिने जपतात, मग उपटून शेतात लावतात, आणि लावल्यावर तीन-चार दिवसांनी जे हलकं पाणी देतात त्याला आंबवणी म्हणतात. ती चुकली की वाफ्यातलं कितीही चांगलं रोप असू दे, मान टाकतं. हे आंबवणीचं लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

कॅथलिक चर्चमध्ये हा वाफा रीतसर सुरू झाला १५६३ साली, ट्रेंटच्या धर्मसभेने ठरवलं की प्रत्येक धर्मप्रांताने आपल्या होणाऱ्या धर्मगुरूंसाठी अशी शाळा चालवायची. त्याआधी बरेच जण एखाद्या जुन्या धर्मगुरूच्या हाताखाली राहून जेवढं कानावर पडेल तेवढं शिकायचे, कोणाला चांगला गुरू भेटला तर तो तरला, नाही तर मिस्सा म्हणजे मुख्य उपासना लॅटिनमध्ये पाठ आणि अर्थाचा पत्ता नाही अशी अवस्था. म्हणजे गंमत बघा, त्या काळी सोबत होती पण शिक्षण नव्हतं, म्हणून शिक्षण आणलं, आणि आज आपण बसलोय ते शिक्षण आहे पण सोबत नाही असं म्हणत.

आपल्या भागातही हे वाफे जुने आहेत. गोव्यात राशोलला १६१० पासून जेझुइट या कॅथलिक धर्मगुरूंच्या संघाचं कॉलेज होतं आणि तिथली सेमिनरी आजही आहे. फादर स्टीफन्स तिथे रेक्टर होते आणि त्यांचं ख्रिस्तपुराण, म्हणजे येशूची कथा सांगणारं मराठी काव्य, १६१६ साली राशोललाच छापलं गेलं. इंग्लंडमधून आलेला माणूस, त्याने आधी इथली भाषा शिकली, ओवी शिकली आणि मग तोंड उघडलं, हा मुद्दा मला फार महत्त्वाचा वाटतो, त्यावर परत येतो. प्रोटेस्टंट बाजूला बंगालमध्ये श्रीरामपूरला कॅरी, मार्शमन आणि वॉर्ड या मिशनऱ्यांनी १८१८ मध्ये कॉलेज काढलं, गाव तेव्हा डॅनिश लोकांच्या ताब्यात होतं म्हणून १८२७ मध्ये डेन्मार्कच्या राजाकडून पदव्या द्यायची सनद मिळाली, आणि आज महाराष्ट्रातला एखादा पाळक बीडी म्हणजे बॅचलर ऑफ डिव्हिनिटी असेल तर बहुतेक वेळा ती पदवी त्याच श्रीरामपूरच्या सिनेटची असते. (आमच्या जिल्ह्यातल्या श्रीरामपूरशी याचा संबंध नाही, हे मलाही लहानपणी कोणी सांगितलं नव्हतं.) पुणे तर या बाबतीत भरलेलं शहर आहे. पेपल सेमिनरी पोप लिओ तेरावे यांनी १८९३ मध्ये श्रीलंकेत कँडीला सुरू केली होती ती १९५५ मध्ये पुण्यात आली, युनियन बिब्लिकल सेमिनरी १९५३ मध्ये यवतमाळला सुरू झाली आणि १९८३ मध्ये पुण्यात आली, आणि युनायटेड थिऑलॉजिकल सेमिनरीही पुण्यातच.

आता आत काय शिकवतात ते. बाहेरून वाटतं बायबल वाचतात आणि प्रार्थना करतात, बस. प्रत्यक्षात जुना करार, नवा करार, हिब्रू आणि ग्रीकची ओळख, चर्चचा दोन हजार वर्षांचा इतिहास, ईश्वरविज्ञान, नीतिशास्त्र, इतर धर्मांचा अभ्यास, समुपदेशन, संदेश कसा तयार करायचा आणि कसा द्यायचा त्याचा वेगळा विषय, असं बरंच असतं. कॅथलिकांमध्ये आणखी लांब, आधी किमान दोन वर्षं तत्त्वज्ञान आणि मग चार वर्षं ईश्वरविज्ञान, त्याच्या आधीचा तयारीचा काळ वेगळा. जेझुइट व्हायचं असेल तर दहा वर्षांच्या वर सहज जातात. मधली दोन-तीन वर्षं पुस्तकं बाजूला ठेवून शाळेत नाहीतर वस्तीत काम करायला पाठवतात, आणि गुरुदीक्षा होऊन काही वर्षं झाल्यावर, म्हणजे माणूस आता सगळं येतं असं समजायला लागतो तेव्हा, त्याला पुन्हा काही महिने विद्यार्थी म्हणून बसवतात. त्याला ते टर्शनशिप म्हणतात. ही एक गोष्ट आमच्या प्रोटेस्टंट लोकांनी जशीच्या तशी उचलावी असं मला मनापासून वाटतं.

१९९२ मध्ये पोप जॉन पॉल दुसरे यांनी धर्मगुरूंच्या शिक्षणावर एक मोठं पत्र काढलं, त्यात चार बाजू सांगितल्यात: माणूस म्हणून घडण, आध्यात्मिक घडण, बौद्धिक घडण आणि प्रत्यक्ष सेवेची घडण. यातली माणूस म्हणून घडण ही बाकीच्यांचा पाया आहे असं त्यात म्हटलंय. म्हणजे ग्रीक नंतर, आधी हा माणूस राग कसा सांभाळतो, पैशाला हात लागला की काय होतं, आपल्यापेक्षा हुशार माणूस मंडळीत असेल तर याला त्रास होतो का, हे बघा. परीक्षेच्या पेपरात यातलं काहीच दिसत नाही, आणि इथेच सोबतीचा विषय सुरू होतो ज्याला हल्ली मेंटॉरिंग म्हणतात.

मेंटॉरिंग प्रत्यक्षात कसं चालतं ते कळायला कॅथलिक सेमिनरीतली एक रचना बघा. तिथे रेक्टर असतो जो संस्थेचा प्रमुख, आणि स्पिरिच्युअल डायरेक्टर असतो ज्याच्याशी मुलगा मन मोकळं करतो, आपल्या शंका, मोह, घरची ओढ, सगळं. आता चर्चच्या कायद्यातच नियम आहे, १९८३ च्या संहितेत २४० नंबरला, की मुलाला दीक्षा द्यायची की नाही, ठेवायचा की घरी पाठवायचा हे ठरवताना स्पिरिच्युअल डायरेक्टरचं आणि कन्फेशन म्हणजे पापांची कबुली ऐकणाऱ्याचं मत कधीच विचारायचं नाही. कधीच. जो ऐकतो तो ठरवत नाही आणि जो ठरवतो त्याला ते ऐकायला मिळत नाही. हा नियम मला समजला तेव्हा मी खरंच थांबलो, कारण आमच्याकडे नेमकं उलटं आहे, तरुण पाळकाने ज्या वरिष्ठाकडे जाऊन सांगायचं की साहेब मला झेपत नाहीये, मला प्रार्थनासुद्धा करावीशी वाटत नाही सध्या, त्याच वरिष्ठाच्या सहीने त्याची बदली होते. मग तो कशाला सांगेल? तो म्हणतो सगळं ठीक आहे साहेब, प्रभूची कृपा आहे.

दुसरी एक पद्धत आहे जी थोडी जवळून दाखवतो. अमेरिकेत अँटन बॉइसन नावाचे पाळक होते, ते स्वतः मानसिक आजारातून गेलेले, त्यांनी १९२५ मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या वुस्टरच्या मनोरुग्णालयात सेमिनरीची मुलं आणून बसवली. पुस्तकं वाचता तसं माणसंही वाचायला शिका, असा त्यांचा आग्रह. त्यातून पुढे क्लिनिकल पास्टरल एज्युकेशन ही शाखा वाढली आणि तिच्यात व्हर्बेटिम नावाचा प्रकार असतो. विद्यार्थी दवाखान्यात पेशंटला भेटतो, बाहेर येऊन ते संभाषण आठवेल तसं शब्दाला शब्द लिहून काढतो, आणि मग चार-पाच जणांच्या गटात सुपरवायझरसमोर वाचतो. समजा त्याने लिहिलंय:

आजी: आता काय राहिलंय बाबा.
मी: असं म्हणू नका आजी, देवावर विश्वास ठेवा.
आजी: हो.
मी: मी प्रार्थना करू का?
आजी: कर.

सुपरवायझर विचारतो, आजी "काय राहिलंय" म्हणाली तेव्हा तू तिला विचारलंस का काय राहिलंय? नाही. का नाही विचारलंस? मुलगा म्हणतो सुचलं नाही. मग गटातला दुसरा हळूच म्हणतो, तुला भीती वाटली का ती मरणाबद्दल बोलेल म्हणून? आणि मग कधीकधी असं निघतं की मुलाची स्वतःची आजी दोन वर्षांपूर्वी गेली आणि तो परीक्षा होती म्हणून गावी गेला नव्हता. आता बघा, प्रार्थना त्याने केली ती आजीसाठी नव्हती, तिथून लवकर सुटण्यासाठी होती. हे कुठल्या पुस्तकात सापडणार? पण एकदा कळलं की तो पुढच्या खाटेजवळ खुर्ची ओढून बसतो, आणि पुढची चाळीस वर्षं बसत राहतो.

बायबलमध्ये हे सगळं आधीपासून आहे, फक्त मेंटॉर हा शब्द नाही. पौलाने तीमथ्याला लिहिलंय की माझ्याकडून जे ऐकलंस ते अशा विश्वासू माणसांना सोपव जी पुढे दुसऱ्यांना शिकवतील, म्हणजे एका वाक्यात चार पिढ्या. पण मला त्याहून बर्णबाची गोष्ट जास्त आवडते. मार्क नावाचा तरुण पहिल्या प्रवासात मध्येच सोडून गेला, पुढच्या वेळी पौल म्हणाला याला नको, बर्णबा म्हणाला याला घ्यायचंच, आणि यावरून ती दोन मोठी माणसं इतकी भांडली की वेगळी झाली. बर्णबा मार्कला घेऊन गेला. आणि कित्येक वर्षांनी तोच पौल तुरुंगातून लिहितो की मार्कला घेऊन ये, सेवेसाठी तो मला उपयोगी आहे. मधल्या वर्षांत बर्णबाने मार्कशी काय केलं, काय बोलला, याचा एक शब्दही लिहिलेला नाही. अशा माणसांची कामं लिहिली जात नाहीत बहुतेक.

आपल्याकडचं उदाहरण म्हणाल तर रेव्हरंड नारायण वामन टिळक. १८९५ मध्ये त्यांचा बाप्तिस्मा झाला, नंतर नगरला आले आणि अमेरिकन मिशनच्या सेमिनरीत शिकवायचे. पण वर्गातले टिळक वेगळे आणि घरातले वेगळे, घरात सतत कोणी ना कोणी राहायला, आणि त्या सगळ्याचा भार त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंवर, हे विसरू नका, कारण ज्याला आपण टिळकांचं मार्गदर्शन म्हणतो त्यातलं निम्मं लक्ष्मीबाईंच्या चुलीवर शिजलेलं आहे. बालकवी ठोंबरे त्यांच्याकडे राहिलेले, टिळकांनी त्या पोराला जीव लावला, त्याची कविता जपली, आणि ठोंबरे ख्रिस्ती झाले नाहीत तरी त्या मायेत काही कमी-जास्त झालं नाही. मला विचाराल तर मेंटॉरिंग ते हे, माणसाला घरात घेणं, त्याच्यातलं जे आहे ते वाढू देणं, आपला छाप त्याच्यावर मारत न बसणं.

आणि वेदनायगम अझरिया यांचं भाषण तर प्रत्येक ख्रिस्ती माणसाने वाचावं. १९१० मध्ये एडिंबरोला जगभरच्या मिशनऱ्यांची परिषद होती, तिथे हा तमिळ माणूस उभा राहिला आणि म्हणाला की तुम्ही गरिबांसाठी आपली मालमत्ता दिलीत, स्वतःची शरीरंही जाळायला दिलीत, पण आम्ही प्रेमही मागतो आहोत, आम्हाला मित्र द्या. दोन वर्षांनी, १९१२ मध्ये, ते दोर्णाकलचे बिशप झाले, अँग्लिकन चर्चचे पहिले भारतीय बिशप. पैसा, इमारती, शिक्षण सगळं मिळत होतं, तरी त्यांना जे कमी वाटलं ते मैत्रीचं होतं, आणि ते वरच्या खुर्चीवरून देता येत नाही.

आता आमच्या मंडळीतली एक आठवण. मी कॉलेजात असताना नवीन पाळक आले, नुकतेच पास झालेले, हुशार, इंग्रजी फाडफाड. आठव्या दिवशी मयत झालं, तरुण मुलगा, मोटारसायकलवरून पडला होता. कबरस्तानात पेटी खाली सोडली आणि उपासनेच्या पुस्तकातलं पान काही सापडेना, हात थरथरत होते, मुलाची आई समोर मातीत बसलेली, कोणाला काही सुचेना. आमचे एक रिटायर्ड पाळक होते, सगळे त्यांना दादा म्हणायचे, ते मागे उभे होते, त्यांनी पुढे येऊन पुस्तक हातात घेतलं नाही, तिथूनच हळू आवाजात एक गीत धरलं, मंडळीने उचललं, आणि दोन कडवी होईपर्यंत या पाळकांना पान सापडलं. मग विधी त्यांनीच पूर्ण केला. संध्याकाळी दादा त्यांच्या घरी गेले, मी सायकलवरून त्यांना सोडायला गेलो होतो म्हणून ऐकलं. म्हणाले, पान आदल्या रात्री दोरा घालून ठेवायचं, आणि पहिली मूठ माती टाकताना आईकडे बघायचं, पुस्तकाकडे नाही, ती वाक्यं पाठच करून टाका. एवढंच. मग चहा झाला. त्यानंतर तीन वर्षं, दादा जाईपर्यंत, ते पाळक दर मंगळवारी त्यांच्याकडे जायचे. पाळक म्हणून ते नंतर ज्या ज्या मंडळीत गेले तिथले लोक आजही नाव काढतात.

सगळ्यांना दादा भेटत नाहीत, अडचण तीच आहे. सेमिनरीत निदान वर्गमित्र असतात, हॉस्टेल असतं, शिक्षक असतात, आणि मग एक दिवस ऑर्डर निघते आणि पंचवीस-सव्वीस वर्षांचं पोर एखाद्या तालुक्याच्या गावी जुन्या मिशन बंगल्यात एकटं, छप्पर गळतंय, आणि हातात काय तर दोन गटांची भांडणं, जमिनीची कोर्टकेस, धर्मादाय आयुक्तांकडे अडकलेला चेंज रिपोर्ट म्हणजे विश्वस्त बदलल्याची नोंद, आणि ऑडिट. यातलं काहीही त्याला शिकवलेलं नसतं. शिकला इंग्रजीतून, आणि आता समोर ऊसतोडीवरून आलेली माणसं. जस्टिफिकेशन हा शब्द त्याला येतो, नीतिमान ठरणे हा मराठी बायबलमधला शब्दही येतो, पण त्या माणसाला कळेल अशा बोलीत तेच सांगायचं म्हटलं की जीभ अडते. फादर स्टीफन्स चारशे वर्षांपूर्वी जे परदेशातून येऊन शिकले ते आमच्याच मुलांना शिकावं लागतं. वाफ्यात सगळं दिलं आणि आंबवणी द्यायला कोणी नाही, असं झालंय हे.

यावर एक तोड ग्वाटेमालामध्ये १९६३ ला निघाली. तिथल्या प्रेस्बिटेरियन सेमिनरीच्या लक्षात आलं की खेड्यात ज्यांच्या शब्दाला मान आहे ते शेती-घर सोडून शिकायला येऊ शकत नाहीत, आणि जे तरुण शिकून जातात त्यातले बरेच खेड्यात टिकत नाहीत. म्हणून त्यांनी शिक्षकालाच प्रवास करायला लावलं, विद्यार्थी घरी पुस्तक वाचून धडा सोडवेल, आठवड्यातून एकदा जवळच्या केंद्रावर शिक्षक येईल आणि फक्त चर्चा होईल. भारतात हीच पद्धत १९७० च्या दशकाच्या सुरुवातीपासून टाफ्टी नावाच्या संस्थेने चालवली. कारखान्यात ड्युटी करणारा, शाळेत शिकवणारा, घर सांभाळणारी बाई, सगळ्यांना रात्री दिव्याखाली बसून शिकता येतं आणि रविवारी लगेच वापरता येतं. बायकांसाठी तर हे दार फार मोठं होतं, कारण चर्चमध्ये काम निम्म्याहून जास्त त्याच करत आल्यात आणि शिक्षणाची संधी मात्र उशिरा आली. चर्च ऑफ साउथ इंडियात पुष्पा ललिता या २०१३ मध्ये पहिल्या महिला बिशप झाल्या, इतकी वर्षं लागली. आमच्याकडे अजून तरुण मुलगी सेमिनरीला जाते म्हटली की पहिला प्रश्न लग्नाचा असतो, आणि तिच्या पाठीशी उभं राहील अशी अनुभवी बाई शोधायला आम्ही कधी बसलोच नाही, ही आमची चूक आहे आणि ती मी कबूल करतो.

एक धोकाही सांगायला हवा. आपल्याकडे गुरू म्हटलं की पाया पडणं आलं, आणि तरुण पाळकाला एखादा मोठा वक्ता मेंटॉर म्हणून मिळाला की तो त्याच्यासारखाच बोलायला लागतो, हातवारेसुद्धा तसेच, पुढे त्याच्या गटाचा माणूस होतो. अशी सोबत नसलेली बरी. चांगल्या मेंटॉरची खूण माझ्या मते एवढीच की त्याच्याकडून बाहेर पडताना माणूस त्याच्याबद्दल कमी आणि आपल्या मंडळीबद्दल जास्त विचार करत असतो. दोघांमध्ये काय बोलायचं, किती दिवसांनी भेटायचं, कुठली गोष्ट बाहेर जाणार नाही आणि कुठली मुलांच्या किंवा कोणाच्या जिवाच्या सुरक्षेची असेल तर सांगावीच लागेल, हे पहिल्याच भेटीत ठरवून टाकावं, म्हणजे पुढे गैरसमज होत नाहीत. आणि परत तेच, तो बदलीवर सही करणारा नसावा.

आमच्याकडे यंदा जूनमध्ये नवीन पाळक येतायत, पहिलीच मंडळी त्यांची. मागच्या मीटिंगमध्ये मी बजेटात एक नवीन ओळ घालायला सांगितली, महिन्यातून एकदा पुण्याला जाऊन-येऊन एसटीचं भाडं आणि एका दिवसाची सुट्टी, तिथे एक निवृत्त पाळक आहेत जे आमच्या डायसिसचे म्हणजे धर्मप्रांताचे नाहीत आणि ज्यांनी हो म्हटलंय. खजिनदारांनी विचारलं हा खर्च कुठल्या हेडखाली टाकू, प्रवास की प्रशिक्षण? बराच वेळ चर्चा झाली. शेवटी दुरुस्ती-देखभालीच्या खालीच नवीन ओळ काढून लिहिलं: पाळक, पहिली तीन वर्षं.